ख्रिस्तपुराणाचा श्रोता : कर्तृत्व, उगम आणि प्रयोजन

१

‘ख्रिस्तपुराण’ हा ग्रंथ मराठी वाचकाला बहुधा एका उताऱ्यापुरताच परिचित असतो. पहिल्या अवस्वरूत फादर थॉमस स्टीफन्सने रत्ने, फुले, सुवास, पक्षी, वृक्ष यांच्यातील श्रेष्ठांच्या उपमा देऊन मराठीची थोरवी गायिली आहे. या मूठभर ओव्या शालेय पाठ्यपुस्तकांतून, भाषादिनाच्या व्याख्यानांतून आणि वाङ्मयेतिहासाच्या प्रकरणांतून वारंवार उद्धृत होत आल्या आहेत. सुमारे अकरा हजार ओव्यांचा उर्वरित ग्रंथ मात्र अभ्यासकांच्या एका लहान वर्तुळाबाहेर फारसा वाचला जात नाही. एका परकीयाने मायबोलीची स्तुती केली, याचा अभिमान इतका प्रभावी ठरला, की ही स्तुती कोणत्या प्रसंगी, कोणासमोर आणि कशासाठी केली गेली, हा प्रश्न मागे पडला.

दुसऱ्या बाजूने ग्रंथाचे प्रयोजनही एका वाक्यात उरकले जाते : हे पुराण ‘धर्मप्रसारासाठी’ लिहिले गेले. हे विधान ढोबळ अर्थाने खरे असले, तरी ग्रंथाच्या संहितेत जो श्रोता प्रत्यक्ष उपस्थित आहे, त्याच्याशी ते जुळत नाही. हा श्रोता बाप्तिस्मा घेऊन चुकलेला आहे; त्याचे धर्मांतर व्हावयाचे नाही, झालेले आहे. ज्या ग्रंथाची मागणी धर्मांतरित माणसाने केली आहे, त्याचे प्रयोजन धर्मांतरापूर्वीच्या नव्हे, धर्मांतरानंतरच्या परिस्थितीत शोधावयास हवे. ख्रिस्तपुराणाचे कर्तृत्व, उगम आणि प्रयोजन या तिन्ही बाबी या श्रोत्याच्या अंगाने पाहिल्या, तर त्यांचा परस्परसंबंध अधिक स्पष्ट होतो.

२

ख्रिस्ताच्या चरित्रकथेबाबत ‘हे कोणी, कशासाठी लिहिले’ हा प्रश्न मूळ शुभवर्तमानांइतकाच जुना आहे. मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांवर असलेली चारही शुभवर्तमाने ग्रीक भाषेत आहेत, आणि त्यांच्या संहितेत लेखकाचे नाव कोठेही येत नाही. ‘अमुक याच्या मते’ अशी शीर्षके पुढे जोडली गेली. मार्क हा पेत्राचा दुभाष्या होता, ही परंपरा दुसऱ्या शतकाच्या आरंभीच्या पापियासकडून युसेबियसने नोंदविली आहे, आणि चार नावांची निश्चित मांडणी इरेनियसच्या लेखनात, म्हणजे इ. स. १८०च्या सुमारास आढळते. मार्कचे शुभवर्तमान इ. स. ७०च्या आसपास सर्वांत आधी सिद्ध झाले आणि मत्तय व लूक यांनी ते समोर ठेवून आपापली रचना केली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. नावाविषयी संहिता मौन पाळत असली, तरी प्रयोजनाविषयी ती बोलते. लूक आरंभीच सांगतो, की अनेकांनी हा वृत्तान्त मांडण्याचा प्रयत्न केला आहे. आपण प्रत्यक्षदर्शींकडून आलेली माहिती क्रमवार लिहीत आहोत, आणि ज्या थियोफिलसासाठी हे लेखन आहे त्याला मिळालेल्या शिकवणीची खात्री पटावी, हा त्यामागचा हेतू आहे. थियोफिलसालाही शिकवण आधीच मिळालेली आहे, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. शुभवर्तमानाचा पहिला वाचक हा उंबरठ्याच्या आतला वाचक आहे.

मराठी वाङ्मयपरंपरेला हा प्रश्न परका नाही. वऱ्हाडातील ऋद्धिपूर येथे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेही असेच एका वियोगातून. चक्रधर उत्तरापंथे निघून गेल्यानंतर मागे राहिलेल्या अनुयायांच्या आठवणी म्हाइंभटाने माणसे शोधून, विचारून गोळा केल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धाडीत मूळ पोथी नष्ट झाल्यावर स्मरणातून तिची पुन्हा बांधणी झाली, आणि अमुकाची ‘वासना’, तमुकाचा ‘शोधु’ असे पाठभेद त्या बांधणीत सांभाळले गेले. येथे संकलकाचे नाव ठाऊक आहे, परंतु संहितेचे कर्तृत्व मात्र एका समूहाच्या स्मृतीत विभागलेले आहे. शुभवर्तमानांपुढे मराठीतील ग्रंथ ठेवून पाहावयाचा, तर तो प्रथम लीळाचरित्र होय.

स्टीफन्सची स्थिती या दोहोंपेक्षा वेगळी आहे. त्याला आठवणी गोळा करावयाच्या नव्हत्या. चार शुभवर्तमाने आणि चर्चची सिद्धान्तपरंपरा त्याच्यापुढे तयार होती. चारांची एकच सलग कथा करण्याचा उद्योगही नवा नव्हता, दुसऱ्या शतकात ताशियनने तो केलेला होता. मेंढपाळांना मिळालेली जन्मवार्ता केवळ लूकमध्ये आहे आणि ताऱ्याच्या मागोमाग आलेले पूर्वेकडील ज्ञानी केवळ मत्तयमध्ये आहेत. पुराणाच्या कथेत हे दोन्ही धागे एका पटात विणले जातात. सामग्री अशी आधीच निश्चित असताना स्टीफन्सचे कर्तृत्व कोठे आहे, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचे उत्तर त्या सामग्रीत नसून, ती ज्या प्रश्नाला उत्तर म्हणून मांडली गेली त्या प्रश्नात आहे.

३

स्टीफन्सचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या बुशटन येथे झाला. १५७५मध्ये रोम येथे त्याने येशूसंघात प्रवेश केला आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी तो गोव्यास पोहोचला. १६१९मध्ये मृत्यू येईपर्यंतचे त्याचे बहुतेक आयुष्य साष्टी प्रांतात गेले. साष्टीचा हा काळ शांततेचा नव्हता. गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशनचे न्यायासन सुरू झालेले होते. १५६०च्या दशकात साष्टीतील देवळे मोडण्यात आली, आणि १५६७च्या प्रांतिक धर्मपरिषदेने हिंदू उपदेशक व धर्मग्रंथ यांच्यावर निर्बंध घातले. १५८३मध्ये कुंकळ्ळी येथे या दडपणाचा स्फोट झाला. रोदोल्फो आक्वाविवा याच्यासह पाच येशूसंघीय तेथे मारले गेले, आणि त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावप्रमुखांची आसोळणे येथे कत्तल झाली. मारल्या गेलेल्या धर्मगुरूंचे देह मिळवून आणण्याच्या कामात स्टीफन्स होता.

याच १५८३च्या ऑक्टोबरमध्ये त्याने आपल्या भावाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. या देशातील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे, असे निरीक्षण त्यात येते. विल्यम जोन्सच्या १७८६मधील सुप्रसिद्ध प्रतिपादनापूर्वी दोनशे वर्षे नोंदविलेले हे निरीक्षण भाषाभ्यासाच्या इतिहासात गौरविले गेले आहे. तथापि कुंकळ्ळीचे रक्त वाळलेले नसताना एक माणूस ज्यांच्या भूमीत हे घडले त्यांच्याच भाषेच्या घडणीकडे इतक्या लक्षपूर्वक पाहतो, ही गोष्टही तितकीच लक्षणीय आहे. ख्रिस्तपुराणाचा उगम या दुहेरी परिस्थितीत आहे : एका बाजूस सत्तेच्या आधाराने झालेला विध्वंस, दुसऱ्या बाजूस त्याच भूमीच्या भाषेविषयीची खरीखुरी आस्था. यांपैकी एक बाजू झाकून दुसरीवर भाष्य करणे सोपे आहे, आणि आजवर बहुधा तसेच होत आले आहे.

४

पहिल्या अवस्वरूत एक प्रसंग रेखाटलेला आहे. साष्टीतील चर्चमध्ये ख्रिस्ती शिकवण चाललेली असताना एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रीला विनंती करतो. तिचा आशय असा : आमची मागील शास्त्रे-पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांस तशी दुसरी का करून देत नाही? या मागणीच्या निमित्ताने पाद्री कथेस आरंभ करतो.

श्रोत्याच्या प्रश्नातून कथा सुरू करणे ही पुराणांची रूढ रीत होय. परीक्षिताचा प्रश्न आणि शुकाचे उत्तर, जनमेजयाची पृच्छा आणि वैशंपायनाचे निवेदन, या चौकटी श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेल्या होत्या. त्यामुळे स्टीफन्सने हा प्रसंग केवळ संकेत म्हणून योजिला, असे म्हणून तो बाजूला सारता येईल. परंतु संकेत आणि आशय यांच्यात येथे एक फरक पडला आहे. परीक्षिताला पुराण ऐकावयाचे आहे ते त्याचा मृत्यू जवळ आला म्हणून. साष्टीच्या ब्राह्मणाला ते ऐकावयाचे आहे ते त्याच्याजवळ होते ते पुराण काढून घेतले गेले म्हणून. ज्याने ते काढून घेतले, त्याच्याकडेच तो मागणी करतो. आणि पाद्री हा आक्षेप आपल्याच ग्रंथाच्या प्रवेशद्वारात छापावयास देतो.

या प्रसंगाला ग्रंथाची ‘जन्मकथा’ मानण्याचे कारण त्याच्या ऐतिहासिक तपशिलात नाही. तो ब्राह्मण प्रत्यक्ष होता की कल्पित, यावर फारसे काही अवलंबून नाही; लूकचा थियोफिलस प्रत्यक्ष व्यक्ती होता की ‘देवाचा मित्र’ या अर्थाचे केवळ नाव, यावरही लूकच्या प्रयोजनाचा अर्थ अवलंबून नसतो. महत्त्वाचे आहे ते हे, की ग्रंथ आपले समर्थन एका पोकळीच्या आधारे करतो. साष्टीच्या नवख्रिस्ती समाजाला धर्मशिक्षण मिळत होते. त्याला कथा मिळत नव्हती. सिद्धान्त पाठ करता येतात, पण रात्री घरी बसून एकत्र ऐकता येत नाहीत. सणवार, कीर्तन, पोथी यांच्यामधून काळाला जो आकार येतो, तो नाहीसा झाला होता. पुराण मागणाऱ्याला ईश्वराविषयीची माहिती नको आहे. त्याला ऐकण्याची एक रीत परत हवी आहे.

ती रीत स्टीफन्स परत देतो. आरंभीचे नमन आहे; गणेश आणि शारदा यांच्या जागी त्रैक्य, मरियम, देवदूत आणि संत आहेत. ओवी आहे, तिच्या पहिल्या तीन चरणांचे यमक आहे. छत्तीस अवस्वरूंच्या ‘पहिल्या पुराणा’त विश्वोत्पत्तीपासून संदेष्ट्यांपर्यंतचा जुन्या कराराचा वृत्तान्त आहे, आणि एकोणसाठ अवस्वरूंच्या ‘दुसऱ्या पुराणा’त ख्रिस्ताचे चरित्र आहे. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःसंकोचपणे येतो. जे नाव रस्त्यावर, देवळात आणि पोथीत निषिद्ध ठरलेले होते, ते या पुराणात ख्रिस्ताच्या घराचे नाव होऊन परतते. हे रूपांतर म्हणजे जुन्या शब्दाचा विजय मानावा की त्याचे हरण? ग्रंथ या प्रश्नाचा निकाल देत नाही. मात्र श्रोत्याच्या बाजूने विचार केला, तर त्याच्या कानाला परिचित असा एक शब्द त्याच्यापाशी राहिला, एवढे निश्चित म्हणता येते.

५

या पार्श्वभूमीवर मराठीच्या स्तुतीच्या ओव्या पुन्हा वाचावयास हव्यात. त्या ब्राह्मणाच्या मागणीच्या सान्निध्यात, पहिल्याच अवस्वरूत येतात. त्या भाषेची निवड समर्थनीय ठरविण्यासाठी आल्या आहेत. साष्टीतील लोकांची बोलीभाषा कोंकणी होती, आणि स्टीफन्सला ती उत्तम अवगत होती. १६२२मध्ये त्याच्या मृत्यूनंतर प्रकाशित झालेली ‘दौत्रिन क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पुस्तिका आणि १६४०मध्ये प्रकाशित झालेले व्याकरण ही दोन्ही याच बोलीची आहेत. म्हणजे एकाच लेखकाने सिद्धान्तासाठी एक भाषा निवडली आणि कथेसाठी दुसरी. हा विभाग त्याचा स्वतःचा नव्हता. तो गोव्याच्या वाङ्मयव्यवहारात आधीपासून होता. घरात कोंकणी आणि पोथीत मराठी, अशी ती वहिवाट होती. पोथी काढून घेतली गेली होती, म्हणून पोथीची भाषा परत आणणे आवश्यक ठरले.

परंतु स्टीफन्स या भाषेचा अंध पूजक नाही. प्रास्ताविकात तो स्पष्ट करतो, की शुद्ध मराठी येथील मध्यम प्रतीच्या लोकांस समजत नाही. म्हणून पूर्वीच्या कवींचे कठीण शब्द टाळून त्याने तीत ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले आहेत. अर्थात ज्या मराठीची रत्नांशी तुलना केली जाते, तिचे प्रत्यक्ष रूप या ग्रंथात मिश्र आहे. मराठीच्या अभिमानासाठी हा उतारा वापरणाऱ्यांनी हे निवेदनही सोबत वाचले, तर तीच भाषा गोव्यातील बोलीच्या आधाराने कशी उभी राहिली, हे लक्षात येईल. मराठी-कोंकणी वादात दोन्ही पक्षांनी स्टीफन्सला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून उभे केले. त्याची साक्ष मात्र अशी आहे, की श्रोत्याला दोन्ही लागत होत्या.

६

कर्तृत्वाचा प्रश्न संहितेच्या इतिहासातून अधिक गुंतागुंतीचा होतो. ग्रंथ प्रथम १६१६मध्ये राशोल येथे छापला गेला, आणि १६४९ व १६५४मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. मुद्रण रोमन लिपीत झाले. स्टीफन्सची इच्छा वेगळी होती. ५ डिसेंबर १६०८ रोजी येशूसंघाच्या प्रमुखास लिहिलेल्या पत्रात त्याने या भूमीच्या भाषेत आणि लिपीत ग्रंथ छापले जावेत, असे आपल्याला कित्येक वर्षे वाटत असल्याचे नमूद केले आहे. मलबारात तसे झालेच होते. येथे मात्र युरोपच्या चोवीस अक्षरांच्या जागी सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, ही अडचण होती. लिपीचा हा तोटा तांत्रिक कारणाने झाला, पण त्याचा परिणाम वाङ्मयीन आहे. मराठीच्या मुख्य प्रवाहातील वाचकाला हे पुराण तीन शतके दिसलेच नाही.

या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकाचीही प्रत आज ज्ञात नाही. २७ जून १६८४च्या फर्मानाने पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्याच मुळावर घाव घातला, आणि ग्रंथ टिकला तो हस्तलिखित प्रतींमधून. त्यांतील अनेक प्रती दक्षिण कानडा भागात स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपल्या. जोसेफ सालढाणा यांनी १९०७मध्ये मंगळूर येथे सिद्ध केलेली आवृत्ती अशाच हस्तलिखितांवर आधारलेली आहे. छापला गेलेला ग्रंथ हातांनी उतरून घेऊन वाचविला गेला, ही घटना मुद्रणाच्या इतिहासात विरळा आहे. ज्यांची पुराणे काढून घेतली गेली होती, त्यांच्याच वंशजांनी हे पुराण सांभाळले.

१९२०च्या दशकात जस्टिन अॅबट यांनी लंडनच्या प्राच्यविद्या-संस्थेतील मार्सडेन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यात ‘आदिपुराण’ आणि ‘देवपुराण’ अशी दोन भागांची नावे आहेत, आणि रोमन प्रतींत जेथे पोर्तुगीज-लॅटिन धर्मसंज्ञा येतात तेथे बहुधा संस्कृत पर्याय आहेत. हे रूप मूळ आणि रोमन रूप चर्चच्या दृष्टीने संस्कारित, की रोमन रूप मूळ आणि देवनागरी रूप पुढे कोणी संस्कृतप्रचुर केलेले, यावर मतभेद आहेत. शांताराम बंडेलू (१९५६), कारिदाद द्राग (१९९६) आणि नेल्सन फलकाव (२००९) यांच्या देवनागरी आवृत्त्यांमुळे हा विचार मराठीतून करणे आता शक्य झाले आहे. तथापि ‘मूळ कोणते’ या प्रश्नापलीकडेही एक अर्थ आहे. या दोन रूपांमागे दोन श्रोते आहेत. एकाला नव्या धर्माच्या संज्ञा नव्या म्हणूनच ऐकावयाच्या आहेत. दुसऱ्याला त्या आपल्या जुन्या शब्दकोशात बसवून हव्या आहेत. लीळाचरित्रातील वासनाभेदांप्रमाणे हा पाठभेदही एका समाजाच्या स्मृतीतील ताणाचा दस्तऐवज आहे.

७

तीन शतकांनंतर नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले, आणि १९१९मधील त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले. त्या काव्याच्या मुळाशी कोणी काही काढून घेतल्याची तक्रार नाही. टिळकांनी आपला धर्म स्वतः निवडला होता आणि ओवी-अभंगाची परंपरा स्वतःहून सोबत आणली होती. या तुलनेने ख्रिस्तपुराणाचे वेगळेपण अधोरेखित होते. ख्रिस्तायनाचा कवी स्वतःच्या वारशातून बोलतो. ख्रिस्तपुराणाचा कवी दुसऱ्याच्या हिरावलेल्या वारशाला उत्तर देतो.

म्हणून ख्रिस्तपुराणाला केवळ मराठीच्या गौरवाचे प्रमाणपत्र म्हणून वाचणे अपुरे आहे, तसेच ते केवळ धर्मसत्तेचे साधन म्हणून बाजूस ठेवणेही अपुरे आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या कर्त्याने आपले नाव मागे ठेवून श्रोत्याचे नाव पुढे केले. स्टीफन्सचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. त्याच्याकडे पुराण मागणाऱ्या ब्राह्मणाला ग्रंथात नाव नाही. परंतु ग्रंथाची भाषा, छंद, चौकट आणि कारण ही चारही त्या अनामिकाच्या मागणीतून ठरली आहेत. ख्रिस्तपुराणाचे कर्तृत्व लिहिताना वाङ्मयेतिहासाने बुशटनच्या माणसाशेजारी साष्टीच्या या श्रोत्यालाही जागा द्यावयास हवी. ती दिली, तर पाठ्यपुस्तकातील त्या स्तुतीच्या ओव्यांच्या मागे विचारला गेलेला प्रश्नही वाचकाला ऐकू येईल.